दुबईच्या शाळेत रुजू होण्याआधी पैशांची सोय

जानेवारी लागला की मला गावाकडून फोन यायला लागतात. कधी जुनी सहकारी, कधी तिच्या नणंदेची मैत्रीण, कधी बी.एड.ला माझ्या मागच्या बॅचला असलेला एखादा मुलगा. प्रश्न एकच. "ताई, दुबईच्या शाळेची ऑफर आलीये. पाच हजार दिरहम म्हणतायत. जाऊ का?" इथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे मुलाखती हिवाळ्यातच उरकतात आणि निर्णयाला फार वेळ मिळत नाही.

दिरहमचे तेवीस रुपये धरले तरी पाच हजार गुणिले तेवीस. एक लाख पंधरा हजार. मिरज-सांगलीकडच्या खासगी शाळेत वर्षानुवर्षं वीस-पंचवीस हजारांवर राबलेल्या शिक्षकाला हा आकडा ऐकून झोप लागत नाही, हे मी जाणते. मलाही लागली नव्हती. मी फिजिक्स शिकवते. २०२२ च्या मार्चअखेरीस मिरजेहून इथे आले तेव्हा नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला होता, मुलगा दुसरीत होता आणि फ्लॅटचे हप्ते चालू होते. तेव्हा दिरहमला पावणेएकवीस रुपये मिळायचे.

फोन करणाऱ्याला मी आधी एवढंच विचारते, पहिला पगार हातात पडेपर्यंत तुझे स्वतःचे किती पैसे आहेत? पगार किती, शाळा कुठली, राहायला कुठे, ते सगळं नंतर. असं विचारायला कारण आहे. इथे आलेल्या चांगल्या चांगल्या शिक्षकांना मी वाईट शाळांत अडकून पडलेलं पाहिलंय. त्यांना अडकवलं ते कर्जाने. कुणी एजंटला द्यायला कर्ज काढून आलेलं, तर कुणी आल्यावर पहिल्याच वर्षी इथल्या बँकेचं घेतलेलं. चार महिने घर चालवता येईल एवढा पैसा बाजूला असेल तर शाळेला "नाही" म्हणता येतं, आणि शिक्षकाला ते म्हणता आलंच पाहिजे.

आता ऑफर लेटर. त्यात सगळ्यात वर मोठ्या अक्षरात एकूण पगार असतो. तो सोडा, खाली 'बेसिक', म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती आहे ते शोधा. पाच हजारांचे दोन नमुने सांगते. एका शाळेचं पत्र म्हणतं बेसिक अडीच हजार, घरभाडं साडेसतराशे, वाहतूक साडेसातशे. दुसरीचं म्हणतं बेसिक पाच हजार, राहायची सोय शाळेची. महिन्याला हातात येणारे पैसे दोन्हीकडे तेवढेच. पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते. पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचं बेसिक, त्यानंतरच्या वर्षांना ३० दिवसांचं, आणि किमान एक वर्ष पूर्ण व्हायला हवं. तीन वर्षं काम करून निघालात तर पहिल्या शाळेत ५,२५० दिरहम हातात पडतील, दुसरीत १०,५००. इथे पीएफ नाही, पेन्शन नाही. आपल्यासाठी हीच काय ती पुंजी. नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या विम्याचंही तसंच. जानेवारी २०२३ पासून इथे बेरोजगारीचा विमा सक्तीचा आहे. बेसिक १६ हजारांपर्यंत असेल तर हप्ता महिन्याला पाच दिरहम, आणि सलग बारा महिने भरलेला असेल तर नोकरी गेल्यावर तीन महिन्यांपर्यंत बेसिकच्या ६० टक्के रक्कम मिळते. इथेही बेसिकच. राजीनामा दिला तर मात्र काही मिळत नाही. विमा स्वतः काढायचा असतो, काढायला विसरलात तर दंड चारशे दिरहमचा. वर्षाला साठच दिरहम होतात, पहिल्याच महिन्यात काढून मोकळं व्हावं.

पत्रात आणखी काही गोष्टी बघाव्यात. विमानाचं तिकीट दर वर्षी की दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार पूर्ण की अर्धा, आणि मूल सोबत येणार असेल तर फीमध्ये सवलत किती आणि ती पहिल्या वर्षापासून की नंतर. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीबद्दल तोंडी आश्वासनावर जाऊ नका. लेखी मागा. मेल टाकून विचारलं म्हणून ऑफर काढून घेणाऱ्या शाळेत न गेलेलंच बरं.

एजंटबद्दल मला जरा कडक बोलायचंय. मुंबईतल्या एका एजंटने माझ्या ओळखीच्या मुलीकडे 'प्लेसमेंट आणि व्हिसा' म्हणून दीड लाख मागितले. तिच्या वडिलांनी सोसायटीकडून कर्ज काढायची तयारीही केली होती. भारत सरकारकडे नोंदणी असलेल्या रिक्रूटिंग एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापलीकडे घेता येत नाही. नोंदणी आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून कळतं. आणि यूएईच्या बाजूने बघाल तर २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा, जो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, सरळ सांगतो की भरतीचा खर्च मालकाने करायचा, तो कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करायचा नाही. तुमची सरकारी कागदपत्रं अडकवून ठेवायलाही त्या कायद्यात मनाई आहे. त्या मुलीने दीड लाख दिले नाहीत. नंतर एका शाळेच्या वेबसाइटवरून थेट अर्ज केला, आणि आज ती इथे सातवी-आठवीला गणित शिकवते.

कागदपत्रांचा खर्च मात्र बहुतेक वेळा आपल्यालाच करावा लागतो, आणि तो लोक हिशेबात धरत नाहीत. यूएई अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा बऱ्याच देशांत चालणारा एकच शिक्का, मानत नाही. त्यामुळे डिग्री आणि बी.एड. आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग यूएईच्या वकिलातीकडून प्रमाणित होऊन येते आणि इथे उतरल्यावर शेवटचा शिक्का पडतो. तो शेवटचा शिक्काच कागदामागे दीडशे दिरहमचा. प्रत्येक टप्प्याची पावती जपून ठेवा, काही शाळा नंतर परत देतात. विवाहित असाल आणि कुटुंब पुढेमागे येणार असेल तर मॅरेज सर्टिफिकेटही त्याच वेळी करून घ्या. इथे आल्यावर ते पुन्हा भारतात कुरिअर करून करायचं म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही जातं.

आणि आता पहिले तीन महिने. माझा हिशेब सांगते, रक्कम जुनी आहे पण घडण तीच राहते. मी साडेतीन हजार दिरहम घेऊन निघाले, म्हणजे तेव्हाचे साधारण बाहत्तर हजार रुपये. थोडे नोटांमध्ये, बाकी फॉरेक्स कार्डवर. नोटा मिरजेतूनच ओळखीच्या परवानाधारक मनीचेंजरकडून घेतल्या. विमानतळावरच्या काउंटरवर दर फार पडतो. शाळेने सुरुवातीला राहायची सोय केली, पण ती थोड्या दिवसांची. मग अल कुसैसला केरळच्या एका शिक्षिकेबरोबर खोली घेतली. माझ्या वाट्याचं भाडं तेराशे, शिवाय एक महिन्याचं डिपॉझिट. म्हणजे पहिल्याच झटक्याला सव्वीसशे गेले. उरलेल्या नऊशेत सिम, मेट्रोचं नोल कार्ड, अंथरूण-पांघरूण, कुकर, आणि रोजचं खाणं. शाळेची बस येता-जाता फुकट होती म्हणून निभावलं. एप्रिलचा पगार मेच्या पहिल्या आठवड्यात आला. मेडिकल होतं, मग एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, येतो, मग बँकेत खातं उघडतं. कुठे एक कागद अडला की पगार तेवढा पुढे. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते की निदान सहा हजार दिरहमची सोय करून निघा, आणि ते पैसे कुणाकडून उसने नकोत.

निघायच्या आधी गावी करायच्या कामांत सगळ्यात जास्त टाळाटाळ होते ती बँकेच्या खात्यांची. नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलनाच्या फेमा कायद्याने तुम्ही अनिवासी ठरता आणि साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं खातं, करून घ्यावं लागतं. मी शाखेत गेले तेव्हा काउंटरवरचे साहेब चांगल्या मनाने म्हणाले, "कशाला मॅडम त्या भानगडीत पडताय? चालू राहू दे की. कोण बघतंय?" मी म्हटलं, "साहेब, कुणी बघो न बघो, उद्या मोठी रक्कम आली आणि तुमच्याच बँकेने विचारलं तर मी काय सांगू?" मग त्यांनी ड्रॉवर उघडला, फॉर्म काढला, स्वतःच अर्धा भरून दिला. चहाही मागवला. काम तासाभराचं होतं.

एनआरओ आणि एनआरई हा फरक नीट डोक्यात बसवा, कारण त्यात खरे पैसे वाचतात. भारतातली कमाई, म्हणजे घरभाडं, जुन्या ठेवींचं व्याज, हे एनआरओमध्ये येतं आणि त्यातल्या व्याजावर बँक ३० टक्के अधिक सेस असा टीडीएस कापते. इथून पाठवलेला पगार एनआरईमध्ये टाकायचा. त्यावरचं व्याज भारतात करमुक्त आणि मुद्दल-व्याज दोन्ही हवं तेव्हा परत बाहेर नेता येतं. मी दोन्ही खाती नवऱ्याबरोबर 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने, म्हणजे मी असेपर्यंत माझं आणि माझ्यामागे त्याचं, अशी संयुक्त ठेवली आणि त्याच्या नावाने मँडेट, म्हणजे व्यवहार करायचं अधिकारपत्र, दिलं, म्हणजे मी इथे असताना घरचे व्यवहार अडायचे नाहीत. फ्लॅट भाड्याने देत असाल तर अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, हे त्याला आधीच समजावून सांगा. पीपीएफ जुनं असेल तर पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे मुदतवाढ मिळत नाही आणि नवं उघडता येत नाही. म्युच्युअल फंडाच्या केवायसीत 'अनिवासी' अशी नोंद करून घ्या. आणि भारतातलं सिम कार्ड रिचार्ज करून जिवंत ठेवा, रोमिंग सुरू करून. सगळे ओटीपी त्यावर येतात. तो नंबर बंद पडला की स्वतःच्याच पैशांच्या दारात उभं राहून किल्ली शोधायची वेळ येते. २०२३ पासून एनआरई-एनआरओ खात्यांवर यूएईच्या मोबाइल नंबरवरून यूपीआय चालवायला परवानगी आहे. तुमची बँक ते देते का, तेवढं विचारून घ्या.

कराचा एक मुद्दा तारखेचा आहे. नोकरीसाठी बाहेर पडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला तर तो अनिवासी धरला जातो. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये निघणाऱ्याला अडचण नाही. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्टअखेरीस सुरू होतात, तिथे जाणाऱ्यांचंही बहुधा जमतं. पण कुणी मधल्या सत्रात, म्हणजे जानेवारीत रुजू होत असेल तर त्याचे एप्रिलपासूनचे नऊ महिने भारतात गेलेले असतात. त्या वर्षी तो रहिवासीच ठरतो आणि मार्चपर्यंतचा दिरहममधला पगारही त्याला भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. इथे पगारावर कर नाही म्हणून तिथेही नाही, असं समजून लोक गप्प बसतात. तेवढ्यासाठी गावातल्या सीएकडे एकदा जाऊन या.

पैसे पाठवण्याबद्दल. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. म्हणजे दिरहमचा रुपयातला दर हा डॉलरच्या दराचीच सावली आहे. ८३ रुपयांचा डॉलर असेल तर दिरहम साडेबावीसच्या आसपास, ८५ झाला की तेवीसच्या वर. २०२४ संपता संपता तो तेवीसच्या वर गेला होता. स्टाफरूममध्ये त्या दिवसांत एक वेगळीच लगबग असायची. मी दराच्या मागे धावत नाही. दोन हजार दिरहम पाठवताना दरात दहा पैशांचा फरक पडला तर घरी दोनशे रुपये कमी-जास्त पोचतात. आणि एका वेळच्या व्यवहाराचं शुल्क वीस दिरहम धरलं, तर ते साडेचारशेच्या वर जातं. म्हणून थोडे थोडे पैसे चार वेळा पाठवण्यापेक्षा महिन्यातून एकदाच पाठवावेत. करामा भागातल्या मनी एक्सचेंजच्या रांगेत उभं राहा किंवा मोबाइलवरून करा, प्रश्न एकच विचारायचा, "सगळं जाऊन खात्यात रुपये किती पडणार?" नुसता दर विचारून काही कळत नाही. शुल्कावर ५ टक्के व्हॅटही लागतो. कुणी म्हणेल, माझ्या ओळखीचा माणूस आहे, तो तिकडे घरपोच रोख देतो, दरही चांगला देतो. तो हवाला. त्याच्या वाटेला जायचं नाही. पैसा बुडाला तर दाद मागायला जागा नाही, आणि कायदा दोन्ही देशांत आपल्याविरुद्ध.

एमिरेट्स आयडी हातात पडली की बँकांचे फोन सुरू होतात. क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन. सेंट्रल बँकेच्या नियमाने पर्सनल लोन पगाराच्या वीसपटीपर्यंत मिळू शकतं, मुदत जास्तीत जास्त ४८ महिने, आणि सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. म्हणजे पाच हजार पगाराच्या बाईला कागदावर एक लाख दिरहमपर्यंत कर्ज बसतं. गावी तेवीस लाख! त्यात प्लॉट येतो, भावाचं लग्न होतं, वडिलांचं ऑपरेशन होतं. मोह साधा नाही, आणि तो वाईट माणसाला होतो असंही नाही. माझ्या आधीच्या शाळेत नागपूरची एक शिक्षिका होती. केमिस्ट्री इतकं सुंदर शिकवायची की मुलं तिच्या तासाला बेल व्हायच्या आधी वर्गात येऊन बसायची. तिने गावी बहिणीसाठी म्हणून मोठं कर्ज काढलं. पुढच्या वर्षी शाळेने तिचे आठवड्याचे तास वाढवले, शनिवारचे जादा वर्गही दिले, पगार तोच. तिला दुसरीकडून चांगली ऑफर आली होती. पण नोकरी सुटली की ग्रॅच्युइटी कर्जात वळती होणार, मधला एखादा महिना पगार नसला तर हप्ता थकणार, त्याची नोंद इथल्या क्रेडिट ब्युरोत जाणार, म्हणून ती हलली नाही. स्टाफरूमच्या खिडकीशी उभी राहून ती मोबाइलवर हप्त्यांचं वेळापत्रक वर-खाली सरकवत होती, ते मी बघितलंय. "अजून एकतीस राहिले," म्हणाली.

त्याच शाळेत जानेवारीत सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतला, पुढच्या वर्षी राहणार की जाणार. माझ्यापाशी चार महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात होता, गावच्या फ्लॅटचे चार हप्तेही धरून. मी 'जाणार' लिहिलं, करारातला नोटीस काळ पूर्ण केला आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या शाळेत रुजू झाले. नोटीस कायद्याने ३० ते ९० दिवसांच्या मधली असते, करारात नेमकी किती ते सही करण्याआधी वाचून ठेवा. हे सांगताना मला मोठेपणा मिरवायचा नाही. त्या नागपूरच्या बाईपेक्षा मी काही जास्त शहाणी नव्हते, माझ्या घरी त्या वर्षी कुणाचं ऑपरेशन निघालं नाही इतकंच. पण चार महिन्यांचे पैसे बाजूला काढायला पहिलं अख्खं वर्ष लागलं, आणि त्या वर्षी मी गावी फक्त फ्लॅटचा हप्ता आणि मुलाच्या शाळेचे पैसे पाठवत होते. सासूबाईंना तसं आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तू तिकडे धड जेव. इथलं आम्ही बघतो." सगळ्यांच्या घरी असं म्हणणारं कुणी असतंच असं नाही, म्हणून निघायच्या आधी घरी बसून आकडा ठरवा. महिन्याला किती येतील आणि पहिलं वर्षभर त्यापेक्षा जास्त येणार नाहीत, हे नवरा, सासू-सासरे, आई-वडील सगळ्यांसमोर बोलून घ्यावं. फोनवर नंतर ते बोलणं फार जड जातं.

आणखी एका फोनपासून सावध राहा. 'आर्थिक सल्लागार' म्हणवणारी माणसं शाळेत किंवा कॅफेत भेटायला बोलावतात. पंचवीस वर्षांची बचत योजना, महिन्याला हजार दिरहम. त्यातला सुरुवातीच्या वर्षांचा बराचसा पैसा कमिशन आणि शुल्कात जातो आणि मधेच बंद केली तर हाती फार थोडं येतं. आपल्या नोकरीचा करार दोन वर्षांचा. पंचवीस वर्षांची सही कशाच्या जोरावर करायची? मी साधं केलं, चार महिन्यांचे पैसे इथल्या बचत खात्यात, त्यावरचे एनआरई मुदत ठेवीत आणि दोन एसआयपी. बस.

दुसऱ्या वर्षी नवऱ्याला शारजात नोकरी लागली, मुलगा आला, आणि आम्ही दुबईतच वन-बीएचके घेतला. इथे भाडं वर्षाचं ठरतं आणि आगाऊ तारखांच्या चेकने द्यावं लागतं, एका चेकमध्ये, दोनमध्ये, चारमध्ये. चेक जितके कमी तितकं भाडं थोडं खाली येतं. घर घेताना जो दणका बसतो तो असा, पहिला चेक, वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के डिपॉझिट, बहुधा तेवढंच एजंटचं कमिशन, 'इजारी' म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, आणि 'दीवा' या दुबईच्या वीज-पाणी खात्याचं दोन हजार दिरहम डिपॉझिट. शिवाय वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के नगरपालिकेची फी बारा भागांत दीवाच्या बिलातून जाते, ती जाहिरातीत लिहिलेली नसते. आम्ही चार चेक दिले. पुढच्या चेकची तारीख येण्याआधीच्या दोन्ही महिन्यांत पैसे वेगळे काढून ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही, हा आमचा घरातला नियम. चेक परत गेला तर बँकेत आणि घरमालकाकडे, दोन्हीकडे नाव खराब होतं. ज्यांना एकटं यायचंय त्यांनी पहिलं वर्ष तरी फ्लॅटच्या फंदात पडू नये. अल कुसैस, अल नहदा, करामा इथे शिक्षिकांच्या वाटून घेतलेल्या खोल्या मिळतात. महाराष्ट्र मंडळात ओळख काढली तर मराठी घरातलीही खोली मिळून जाते.

जून सुरू झाला की तिकिटं चढतात. शाळा बंद होण्याच्या दुसऱ्या दिवशीचं मुंबईचं तिकीट आणि पुढच्या आठवड्यातलं तिकीट यांत कधी कधी निम्म्याचा फरक असतो. शाळा तिकिटाऐवजी ठरावीक रक्कम देत असेल तर तारीख आपल्या हातात राहते, म्हणून मी रक्कमच मागून घेते. सुट्टीत गावी होणारा खर्चही वर्षाच्या हिशेबात धरा. दुबईची बाई आली म्हटल्यावर खजूर, चॉकलेट, अत्तर सगळ्यांना लागतं, आणि ते प्रेमाने द्यावंसंही वाटतं. त्यासाठी मी महिन्याला शंभर दिरहम वेगळे टाकते. देताना मग हात आखडत नाही.

परतीचं गणितही आत्ताच मांडून ठेवलंय. नोकरी संपल्यावर १४ दिवसांच्या आत शाळेने सगळा हिशेब चुकता करायचा असतो, ग्रॅच्युइटी धरून. बँकेचं खातं ती रक्कम जमा झाल्यावरच बंद करायचं आणि फ्लॅटची किल्ली देऊ त्याच दिवशी दीवाचं डिपॉझिट परत मागायचा अर्ज टाकायचा. भारतात कायमचं परतलं की एनआरई खाती पुन्हा निवासी करून घ्यायची. मुलगा दहावीला जायच्या आधी आम्हाला मिरजेला परतायचंय. फ्लॅटचं कर्ज त्याच्या आधी दोन वर्षं फिटेल अशा बेताने आम्ही दर सहा महिन्यांनी मुद्दलात थोडी रक्कम भरतो. पुढचा भरणा सप्टेंबरमध्ये आहे.